माथ्यावरचा कोरडा संडास

या, जवळ या. मागच्यांनीही इकडेच सरका, कारण आजची गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. मत्सराची गोष्ट आहे. सहा शत्रूंमधला हा शेवटचा, आणि वागायला सगळ्यांत सभ्य. क्रोध आला की भांडी आदळतात, लोभ आला की डोळ्यांत दिसतो. मत्सर मात्र दाराबाहेर चपला काढतो, पाय पुसून आत येतो, चहा घेता घेता हळूच विचारतो, "शेजारी काय नवीन?" आणि मग मुक्कामच ठोकतो. एका अतिशय भल्या माणसाकडे तो चार वर्षं राहिला. जाताना, देवाची करणी बघा, त्या माणसाच्या हातून त्याने एक संडास बांधून घेतला. हसू नका. हसायचं तेव्हा मी सांगेन.

हा भला माणूस पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला होता. गावात सगळे त्यांना हेडक्लार्कच म्हणत, रागावली की बायकोसुद्धा. अक्षर मोत्यासारखं, चष्मा स्वच्छ, आणि आयुष्यात एकही कागद दुमडून खिशात घातलेला नाही. निवृत्तीला खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते रोज सात मिनिटं मागे पडायचं. हेडक्लार्क दररोज ते पुढे करायचे आणि खात्याचं नाव न घेता सुस्कारा सोडायचे.

त्यांचे साडू बसचे कंडक्टर. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली कंडक्टरांची, धाकटी हेडक्लार्कांची. म्हणजे हुद्द्याने हेडक्लार्क वर आणि नात्याने कंडक्टर वर, ही अडचण लग्नाच्या मांडवापासूनची. ती एक वेळ सोसली असती. पण कंडक्टर निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या बसने ये-जा करणारी माणसं आपणहून जमली आणि गावाच्या कडेच्या टेकडीवर त्यांनी कंडक्टरांच्या नावाचा बाक बसवला. दगडी बाक, पाठीला लाकडी फळ्या, आणि वर पितळी पट्टी: 'आमच्या कंडक्टरांसाठी, प्रवाशांकडून, प्रेमाने.'

हेडक्लार्कांनी ती पट्टी दोनदा वाचली. 'प्रेमाने' हा शब्द त्यांना अनावश्यक वाटला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना तो एकाही पत्रात लागला नव्हता.

टेकडीची रचना आता नीट ध्यानात घ्या. पायथ्याशी बाग, बागेच्या फाटकाजवळ नळ आणि साधा संडास. तिथून पायवाट वर जाते. दहा मिनिटं चढलं की हा बाक. आणखी पाव तास चढलं की माथा: सपाट जागा, चार झाडं, सुरेख वारा, आणि पाण्याचा थेंब नाही. रोज सकाळी फिरायला येणारी मंडळी माथ्यावर जात, पण जाता-येता बाकाशी थांबल्याशिवाय कुणाचा पाय उचलायचा नाही. कारण बाकावर कंडक्टर.

"काय डॉक्टर, गुडघा काय म्हणतो?"

"वहिनी, सुनेचं पत्र आलं का हो?"

"या या, जागा आहे. जागा असतेच, फक्त सरकावं लागतं."

हेडक्लार्क मात्र थांबत नसत. मान ताठ ठेवून सरळ माथा गाठत, आणि मागे हशा पिकला की तो आपल्यावरच आहे असं समजून पुढची दहा पावलं जोरात टाकत.

घरी तरी सुटका असावी! "लोकांनी भावोजींना बाक दिला हो," बायको भाजी निवडता निवडता म्हणे.

"मला घड्याळ दिलंय."

"दिलंय की. किती वाजलेत म्हणते मी, त्यात? आणि खरे किती?"

अशात एका सकाळी हेडक्लार्कांनी वर्तमानपत्रात वाचलं, की दूर डोंगरांवरच्या बागांत बिनपाण्याचे संडास असतात. खाली दोन कोठ्या, एक वापरायची, एक बंद ठेवायची. वापर झाला की वरून डबाभर लाकडाचा भुसा. मागे उंच काळा पाईप. तो उन्हाने तापतो, आतली हवा वर खेचतो आणि वास घेऊन जातो. वर्षभर बंद ठेवलेल्या कोठीत शेवटी उरते नुसती माती. हेडक्लार्कांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. माथ्यावर सोय नाही म्हणून डॉक्टर निम्म्या गप्पा टाकून खाली पळतात, बायका तर घरून निघताना पाण्याचा घोट घेत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. पण खरं सांगायचं, तर त्या क्षणी त्यांना डॉक्टरही दिसले नाहीत आणि बायकाही. त्यांना दिसला बाक. बाकावर माणूस हौसेने बसतो. पण जिथे राजालाही जावंच लागतं, अशी जागा जो बांधेल, त्याच्यापुढे बाक तो काय? त्यांना एकच हवं होतं. कंडक्टरांनी एकदा वर यावं, डोळे भरून पाहावं, आणि जळावं.

दुसऱ्याच दिवशी ते चार वर्षांत पहिल्यांदा बाकापाशी थांबले आणि सगळ्यांदेखत बेत जाहीर केला.

"वा साडूभाऊ!" कंडक्टर उठून उभेच राहिले. "अहो, याच्याइतकं गरजेचं काम दुसरं नाही. बागखात्यात एक शब्द टाकू का? तिथले साहेब माझ्याच बसने शाळेत जायचे."

"काही गरज नाही," हेडक्लार्क म्हणाले. माणूस खूश झाला, याने त्यांचा अर्धा उत्साह मावळला होता.

बागखात्याच्या टेबलावर एक बाई होत्या. त्यांनी नकाशा पाहिला, मान डोलावली आणि अर्ज पुढे केला. रकाना अकरा: नळजोडणी क्रमांक.

"इथे नळ नाही," हेडक्लार्क म्हणाले. "तोच तर मुद्दा. हा बिनपाण्याचा आहे."

"असू दे की बिनपाण्याचा. नळाचा नंबर घाला."

"अहो, पाणीच नाही तर नळ कुठला?"

"ते मला नका सांगू काका. परिपत्रक आहे. नळजोडणी असल्याखेरीज सार्वजनिक संडासाला परवानगी देऊ नये."

"कोणत्या गाढवाने काढलं हे?"

बाईंनी कपाटातून फाईल काढून फुंकर मारली. "एकोणीस वर्षं झाली याला. पण सही बघा ना, काय वळण आहे!"

हेडक्लार्कांनी सही पाहिली. वळण खरोखरच सुंदर होतं. त्यांचंच होतं. त्या दिवशी आपण हे परिपत्रक तीनदा वाचून पाहिलं होतं आणि त्यात पळवाट राहिली नाही म्हणून घरी पेढे नेले होते, हेही त्यांना आठवलं.

मग ते आपल्या जुन्या कचेरीत गेले, नळ नसल्याचा दाखला आणायला. त्यांच्याच खुर्चीत आता त्यांनीच घडवलेला कारकून बसला होता. तो अदबीने उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "साहेब, नळ असल्याची नोंद असते. नसलेल्या नळाची नोंद कुठल्या वहीत बघू?" शेवटी तोड निघाली. ज्याने अट घातली, त्यानेच लेखी खुलासा दिला तर अट शिथिल करता येते. हेडक्लार्कांनी चार संध्याकाळी बसून लिहिलं: 'सदर अट घालतेवेळी पाण्याविनाही संडास असू शकतो, ही बाब माझ्या ध्यानात आली नाही.' आयुष्यात स्वतःविरुद्ध लिहिलेलं हे पहिलं पत्र. कारकुनाने ते वाचलं आणि परत दिलं. "डावीकडे समास कमी पडलाय साहेब. दोन बोटं हवा. तुम्हीच शिकवलंय." तिसऱ्या खेपेला मंजूर झालं.

परतताना बाकावरून हाक आली, "साडूभाऊ, कुठे अडलं असेल तर सांगा हं!"

"कुठे काही अडलेलं नाही," हेडक्लार्क म्हणाले, आणि समासाइतकंही न वळता वर गेले.

बांधकामाला बागखात्याचा गवंडी मिळाला. माणूस हाताचा चांगला, पण ऐकून घेणारा. आणि जो येईल त्याचं ऐकणारा. हेडक्लार्कांच्या वरच्या मजल्यावर एक औषधवाला राहत असे. हे गृहस्थ रोज फिरायला येत आणि रोज सल्ला देत. "काळा पाईप? काय उदास दिसेल हो! आकाशी द्या, टेकडीला शोभेल," असं ते सोमवारी म्हणाले. मंगळवारी म्हणाले, "पाईप झाडामागे घ्या, नजरेला टोचणार नाही." हेडक्लार्क नेमके दोन दिवस सर्दीने घरी. तिसऱ्या दिवशी वर जाऊन पाहतात तो आकाशी रंगाचा देखणा पाईप दाट सावलीत उभा.

"हा तापणार कसा?" त्यांनी कपाळावर हात मारला.

"तापवायचा होता होय?" गवंडी म्हणाला. "मला वाटलं धूर सोडायचा आहे. काका, एवढं सगळं ऊनच करणार असेल, तर आधी उन्हाला विचारून भिंत घेतली असती."

मागची भिंत पाडली, उन्हाच्या बाजूला उभी केली, पाईप काळा केला. औषधवाला म्हणाला, "मी म्हणतच होतो."

शेवटी संडास झाला. सुतार न मागता भुशाची पोती पाठवू लागला. आपल्याबद्दल गावात आदर वाढतोय, हे हेडक्लार्कांनी मनाशी नोंदवून ठेवलं. दारावर आपल्या नावाची पाटी लावावी, असंही त्यांच्या मनात आलं. त्यांनी घरी विषय काढला.

बायको विळीवरून उठलीच. "अहो, संडासावर नाव? लोक रोज म्हणतील, आलोच, जरा हेडक्लार्कांकडे जाऊन येतो!"

पाटी लागली नाही. पण वाक्य घराबाहेर पडलं, कसं ते देव जाणे, आणि आठवड्यात गावभर झालं. "निघालात? हेडक्लार्कांकडे का?" असं माणसं वाटेत एकमेकांना विचारू लागली. डॉक्टर तर एकदा त्यांच्याच तोंडावर म्हणाले, "तुमच्याकडे जाऊन आलो. छान वाटलं."

सोहळ्याला सगळे वर आले. कंडक्टर आले नाहीत. "पाय जरा दुखतोय साडूभाऊ," ते बाकावरूनच म्हणाले. "पण माझ्या शुभेच्छा आहेत हो."

हेडक्लार्कांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पाय दुखतोय! जळतोय बेटा, त्यांनी मनात म्हटलं. आणि इतक्या प्रसन्न चेहऱ्याने फीत कापली, की बागखात्याच्या बाईंनाही नवल वाटलं.

पण आपण माणसं पडलो पाण्याची. संडास कोरडा असला म्हणून माणूस कोरडा कसा राहील? पहिल्याच दिवसापासून जो तो घरून बाटली घेऊन वर येऊ लागला आणि सगळं पाणी कोठीतच ओतू लागला. भुसा भिजला, कोठीची विहीर झाली, आणि आठव्या दिवशी जो वास सुटला, तो वारा खाली वाहू लागला की थेट बाकापर्यंत पोचू लागला. कंडक्टरांनी तक्रारीचा शब्द काढला नाही. ही त्यांची खोड हेडक्लार्कांना सगळ्यांत जास्त झोंबली. एखाद्याने नाक तरी दाबावं!

तोड काढली गवंड्यानेच. आत एका कडेला उतरता दगड बसवला. धुवायचं ते या दगडावर सरकून. पाणी खड्यांतून गाळून बाहेरच्या झुडपांच्या मुळाशी जाईल, कोठी कोरडीच राहील. वास गेला. झुडपं तरारली.

इथे दुसरा कोणी असता तर थांबला असता. पण लोक दगड वापरतात की नाही, भुसा टाकतात की नाही, हे कळणार कसं? हेडक्लार्कांनी घरून टेबल-खुर्ची आणली, दाराशी मांडली आणि रजिस्टर उघडलं. रकाने पाच: अनुक्रमांक, नाव, वेळ, कामाचे स्वरूप, भुसा टाकला काय.

डॉक्टरांनी स्वरूपाच्या रकान्यात 'खासगी' लिहिलं. हेडक्लार्कांनी वही परत फिरवली. "मोघम चालणार नाही. लहान की मोठं, स्पष्ट लिहा." बायका स्वतःऐवजी घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव घालू लागल्या, तेव्हा एकच गृहस्थ एका सकाळी चारदा जाऊन आल्याचं निघालं, आणि हेडक्लार्कांनी त्यांच्या घरी जाऊन तब्येतीची चौकशी केली. ते गृहस्थ पुढे महिनाभर बोलत नव्हते.

या वहीत गावातलं झाडून सगळ्यांचं नाव आलं. नव्हतं ते एकच. महिना झाला, दोन झाले. हेडक्लार्कांनी तीनदा आमंत्रण दिलं. एकदा पाय, एकदा पाहुणे, एकदा "उद्या नक्की". प्रत्येक नकाराने हेडक्लार्कांचं वजन पावशेराने वाढलं. जेवताना गुणगुणू लागले. घड्याळ मागे पडलं तरी सुस्कारा नाही.

एका दुपारी थोरली बहीण धाकटीकडे आली होती. नात्याने हेडक्लार्कांची आकडसासू, म्हणजे मान राखायचा. पण विजयाच्या भरात मान कुठला! चहाचा कप पुढे करत ते म्हणाले, "ताई, आमचे साडू वर का येत नाहीत, ते मला कळलंय बरं. दुसऱ्याचं चांगलं झालेलं काहींना बघवत नाही."

ताईंनी कप खाली ठेवला.

"चार वर्षं झाली त्यांच्या ऑपरेशनला," त्या म्हणाल्या. "अर्ध्या तासाच्या वर त्यांना थांबवत नाही. बसही त्यापायीच सोडली, दीड वर्ष उरलं असताना. तेव्हा लोक म्हणाले, बाक माथ्यावर बसवू, सगळा गाव दिसतो. हे म्हणाले, नको, इथेच बरं. तिथून उठलं की सात मिनिटांत फाटकाशी पोचता येतं ना. चार वर्षांत माथा पाहिलेला नाही त्यांनी."

"अहो, मग आता तर वर सोय झालीय!" हेडक्लार्कांची बायको म्हणाली.

"झालीय की. ज्या दिवशी हे बोलले बाकापाशी, त्या दिवशी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली यांनी. सुताराला सांगून भुसा कोण पाठवतंय म्हणतेस? पण तुझ्या नवऱ्याने दाराशी वही मांडली." ताई हेडक्लार्कांकडे वळल्या. "ते म्हणतात, बत्तीस वर्षं मी गावाचा कंडक्टर. आता गाव वाचणार, मी सकाळभरात कितीदा गेलो ते. तेही साडूभाऊंच्या अक्षरात. म्हणजे कुणाला वाचता आलं नाही असं व्हायचं नाही."

 चहावर साय आली, ती तशीच राहिली. छत्तीस वर्षांत त्यांना पुष्कळांनी पुष्कळ सुनावलं होतं, पण त्यांच्या अक्षरावर कोणी ठपका ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाकापाशी आले आणि चक्क बसले. बाक फार सुखाचा होता. हेही त्यांना थोडं लागलंच.

"चला वर," ते म्हणाले.

"आज पाय जरा..."

"पाय ठणठणीत आहे तुमचा. फाटकावर जाऊन आलात?"

कंडक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पायांकडे पाहिलं. "आत्ताच आलोय."

"मग पाव तासाची वाट आहे. रजिस्टर बंद केलंय मी."

"बंद म्हणजे? कपाटात?"

"कोठीत," हेडक्लार्क म्हणाले. "पानं फाडून भुशाबरोबर टाकली. कोरडी होती."

कंडक्टरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते असे हसत सुटले, की बाकाच्या फळ्या हलल्या. पोट धरून उठले. "अहो, हसवू नका! साडूभाऊ, पाया पडतो, मला हसवू नका, चला, चला लवकर!" आणि हे दोन निवृत्त गृहस्थ, एक हसू दाबत आणि दुसरा त्याला कोपराशी धरून, पाव तासाची वाट नऊ मिनिटांत चढून गेले.

माथ्यावर सगळी मंडळी होती. "अरे, कंडक्टर! कंडक्टर आले!" म्हणत सगळे धावले. कंडक्टर जागच्या जागी थिजले. तेव्हा हेडक्लार्कांनी, ज्यांचा आवाज कचेरीबाहेर कधी कुणी ऐकला नव्हता, त्यांनी खणखणीत हुकूम सोडला, "सगळ्यांनी पलीकडे तोंड करा! पूर्वेकडे बघा! कोणी वळायचं नाही!" डॉक्टर वळले, औषधवाला वळला, बायका वळल्या. पूर्वेला बघण्यासारखं काही नव्हतं. तरी सगळे बघत उभे राहिले.

कंडक्टर बाहेर आले. हात पुसत कड्याशी गेले. खाली सगळा गाव होता, आणि गावाच्या मधोमध बसचा स्टँड, काड्यापेट्यांएवढ्या बसगाड्यांनी भरलेला.

"आठ वीसची सुटतेय," ते म्हणाले. "दोन मिनिटं उशिरा."  मग खालच्या आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, एक सांगू? रागावू नका. रोज ही मंडळी खाली येऊन सांगायची, आज धुकं होतं, आज पाखरं होती. मी वा वा करायचो. आणि तुम्ही समोरून जायचात, मान ताठ, थांबणं नाही, सरळ माथा. फार जळायचो हो मी तुमच्यावर. चार वर्षं."

चार वर्षं ज्या शब्दासाठी जीव टाकला, तो हा शब्द. मिळाला, आणि हेडक्लार्कांना तो ठेवायला कुठे जागा सापडेना. त्यांनी चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता, तरी पुसला. "थांबायला हवं होतं मी," एवढंच ते म्हणाले.

तोवर मंडळी पूर्व दिशेला कंटाळून परतली होती आणि पाच मिनिटांत कंडक्टरांभोवती कोंडाळं करून बसलीही. हशा सुरू झाला. हेडक्लार्क कडेला उभे होते. आता खाली नाही, वर नाही, कुठेच आपल्याला निवांत राज्य नाही, असं त्यांच्या मनात आलं. एवढ्यात कंडक्टर म्हणाले, "या की, जागा आहे." हेडक्लार्क गेले, आणि सरकले.

झाली गोष्ट. देव तुम्हाला सुखरूप घरी पोचवो. माझं मागणं एवढंच आहे. कधी चारचौघांबरोबर डोंगरावर, बागेत, कुठेही फिरायला जाल, आणि तुमच्यातलं कुणी अर्ध्या वाटेत टेकून हसत हसत म्हणेल, "तुम्ही व्हा पुढे, मला इथेच बरं वाटतं," तर वर पोचल्यावर त्या माणसाची आठवण ठेवा.